टीपांसह मराठी अभ्यास-बायबल: ‘अभिवचनांचे वारीस कोण?’ या प्रश्नावर वापरून पाहिल्यानंतर

अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शी पट्ट्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) दर आठवड्याला बायबल अभ्यास चालतो आणि त्याचे वाचन मी घेते. मृगाच्या सुमारास आम्ही टीपांसह छापलेल्या मराठी अभ्यास-बायबलच्या काही प्रती घेतल्या आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड संपेपर्यंत एकच प्रश्न समोर ठेवून त्या वाचल्या. देवाने अब्राहामाला आणि त्याच्या संतानाला जी अभिवचने दिली, त्यांचे वारीस आज कोण? यहुदी लोक, ख्रिस्ती मंडळी, की दोघेही, आणि दोघेही असतील तर कोणत्या नात्याने? प्रकाशनाचे नाव मी देत नाही, कारण माझे म्हणणे या एका आवृत्तीपुरते नाही. अशा टीपांची एक जुनी परंपरा आहे आणि ही आवृत्ती तिच्यातच बसते.

पुस्तकाच्या बांधणीबद्दल थोडक्यात सांगते. पावसाळाभर दमट हवेत हाताळूनही शिवण सुटलेली नाही. कागद पातळ आहे, त्यामुळे पेनाने खूण केली की मागच्या बाजूला उमटते, पेन्सिलच वापरावी. वचनांचा टाइप चांगला मोठा आहे, पण टीपांचा इतका बारीक आहे की संध्याकाळी लाइट गेल्यावर वयस्कर मंडळींना तो वाचता येत नाही. मधल्या रकान्यातील संदर्भ आणि शेवटची शब्दसूची मात्र फार उपयोगी आहे, आणि केवळ तेवढ्यासाठीही हे पुस्तक घरात असावे असे मला वाटते.

उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायावरची टीप या पुस्तकातली सर्वांत चांगली टीप आहे. अब्रामाने (अब्राहामाचे आधीचे नाव अब्राम) तीन वर्षांची कालवड, शेळी आणि मेंढा, तसेच होला आणि पारव्याचे पिल्लू आणले. जनावरे मधोमध कापून त्यांचे भाग समोरासमोर ठेवले, पक्षी मात्र कापले नाहीत. सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली आणि अंधार पडल्यावर धुराची शेगडी व जळती मशाल त्या भागांमधून गेली. करार मोडला तर माझीही अशीच गत होवो, अशा अर्थाने करार करणारे कापलेल्या जनावरांमधून चालत जात. इथे अब्राम झोपलेला असून एकटा देवच मधून जातो, म्हणून हा करार माणसाच्या वागण्यावर अवलंबून ठेवलेला नाही, हे टीप विस्ताराने समजावते. यिर्मया ३४ चा संदर्भही तिथे योग्य दिलेला आहे. जे लोक एरवी नुसते ऐकत बसतात, त्यांनाही हा अध्याय या टीपेमुळे स्पष्ट दिसला.

अडचण त्याच अध्यायाच्या १८ व्या वचनापासून सुरू होते. मिसरच्या नदीपासून फरात (युफ्रेटिस) महानदीपर्यंतचा देश तुझ्या संतानाला दिला आहे, असे ते वचन सांगते, आणि टीप लगेच म्हणते की हे अभिवचन अजून पुरे झालेले नाही व ते पुढे राष्ट्र म्हणून इस्राएलासाठीच पुरे होईल. हे एक मत आहे आणि ते मांडण्याचा टीपकारांना हक्क आहे. परंतु परमेश्वराने पूर्वजांना शपथ वाहिलेला सगळा देश दिला आणि त्याचा एकही शब्द वाया गेला नाही, असे यहोशवा २१:४३-४५ मध्ये स्पष्ट लिहिलेले आहे. राजा शलमोनाची सत्ता त्या महानदीपासून मिसरच्या सीमेपर्यंत होती, असे १ राजे ४:२१ सांगते. आणि यांपैकी एकही संदर्भ त्या रकान्यात नाही. शलमोनाने त्या प्रदेशातून खंडणी घेतली पण इस्राएलाने तो सगळा प्रदेश वसवला नाही, असे उत्तर या मताचे लोक देतात, आणि ते उत्तर विचार करण्यासारखे आहे. मग वचने आणि उत्तर दोन्ही छापायला हवी होती. अब्राहामाला ‘जगाचा वारीस’ होण्याचे अभिवचन होते, असे प्रेषित पौल रोमकरांस पत्रात (रोम ४:१३) म्हणतो, म्हणजे तो देशाची सीमा ओलांडून पुढे जातो. तो संदर्भही इथे गाळला आहे. ज्या प्रश्नावर मंडळ्या दुभंगल्या आहेत, त्या प्रश्नावर एका बाजूची वचने गाळणे मला अतिशय खटकले.

ही विचारपद्धत कोठून आली हे प्रस्तावनेत सांगायला हवे होते, पण तिथे त्याबद्दल एक ओळही नाही. आयर्लंडमधील अँग्लिकन पाळकपद सोडून ब्रदरेन मंडळ्यांत आलेले जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) यांनी इस्राएल आणि मंडळी हे देवाचे दोन वेगळे लोक आहेत, एकाची अभिवचने पृथ्वीवरची आणि दुसऱ्याची स्वर्गीय, अशी मांडणी केली. अमेरिकेतील सायरस स्कोफिल्ड यांनी ती १९०९ साली छापलेल्या संदर्भ-बायबलात टीपांच्या रूपाने आणली, १९१७ साली तिची सुधारित आवृत्ती निघाली, आणि तिथून ही शिकवण जगभर पोहोचली. तिला पाळक लोक डिस्पेन्सेशनल, म्हणजे देवाच्या कारभाराचे वेगवेगळे काळ मानणारी, शिकवण म्हणतात. वचन आणि टीप एकाच पानावर, एकाच जिल्दीत असल्यामुळे वाचणारा दोन्हींना सारख्याच आदराने वाचतो. आमच्याकडेही काही दिवसांतच “शास्त्रात लिहिले आहे” असे म्हणून टीपच वाचून दाखवली जाऊ लागली, आणि तेव्हापासून आधी टीपांवर कोरा कागद ठेवून वचन वाचायचे, असा नियम आम्ही केला.

या टीपांमधील सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे मंडळीचा काळ हा इस्राएलाच्या इतिहासात मध्येच आलेला खंड आहे, संदेष्ट्यांना तो दिसलाच नव्हता, ही मांडणी. इफिसकरांस पत्राच्या सुरुवातीची ती टीप वाचून झाल्यावर शेतमजुरी करणाऱ्या एका मावशींनी विचारले, “बाई, मंग आपन मधातच आलो काय?” ज्यांच्या आज्या-पणज्या गावकुसाबाहेर राहिल्या, ज्यांच्या नावावर कधी एक गुंठाही जमीन नव्हती, त्यांच्या तोंडून हा प्रश्न आला, आणि त्याचे उत्तर त्याच पत्रात आहे म्हणून मी ते लगेच वाचून घेतले. जे अभिवचनांच्या करारांना परके होते, ते ख्रिस्ताच्या रक्ताने जवळ आले, मधली आडभिंत पाडली गेली, आणि आता ते परके व उपरे नाहीत, असे दुसरा अध्याय सांगतो. विदेशी, म्हणजे यहुदी नसलेले, लोक सहवारीस व एकाच शरीराचे अवयव आहेत, असे तिसऱ्या अध्यायाचे सहावे वचन सांगते. ज्याला पौल सहवारीस म्हणतो, त्याला दोन मोठ्या कामांमधल्या रिकाम्या जागेत बसवणे मला मान्य होऊ शकत नाही. याच परंपरेतील क्रेग ब्लेझिंग आणि डॅरेल बॉक यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकात ही टोकाची विभागणी सैल केली आणि दाविदाशी केलेल्या आणि यिर्मयाने सांगितलेल्या नव्या कराराच्या आशीर्वादांत मंडळी आजच सहभागी आहे असे मांडले. त्या सुधारणेचा मागमूसही या टीपांत नाही.

नव्या कराराच्या बाबतीत ही ओढाताण उघडीच पडते. यिर्मया ३१:३१ मध्ये नवा करार इस्राएलाच्या व यहूदाच्या घराण्याशी होईल असे आहे, आणि येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी प्याला देताना हा माझ्या रक्तातला नवा करार आहे असे म्हटले. प्रभुभोजनात आम्ही तोच प्याला घेतो. दोन्ही लोक कायमचे वेगळे ठेवायचे असतील तर हा प्याला आमचा कसा, हे सांगता येत नाही. म्हणूनच याच परंपरेतील लुईस स्पेरी चेफर यांच्यासारख्या शिक्षकांना दोन नवे करार मानावे लागले. इब्री लोकांस पत्राच्या आठव्या अध्यायात यिर्मयाचा तो सगळा उतारा दिलेला आहे आणि तिथे दोन नव्या करारांचे नाव नाही.

याउलट बाजू आपल्या विदर्भाला नवी नाही. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते स्कॉटिश मंडळीकडून, आणि त्या मंडळीचे विश्वासपत्रक म्हणजे १६४६ साली तयार झालेला वेस्टमिन्स्टरचा जाहीरनामा. कृपेचा करार एकच आहे, नियमशास्त्राच्या काळात तो एका रीतीने चालवला गेला व सुवार्तेच्या काळात दुसऱ्या रीतीने, असे तो मानतो, आणि सुंतेच्या जागी बाप्तिस्मा असल्यामुळे विश्वासणाऱ्यांच्या बाळांनाही तो देतो. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेल्या आणि १९८३ साली पुण्याला गेलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेले आमचे एक जुने पाळक ही दोन्ही मते शेजारी शेजारी ठेवून शिकवीत, आणि तशी शिकवण ज्यांनी ऐकली आहे त्यांना या टीपांचा एकांगीपणा लवकर जाणवतो.

परंतु या दुसऱ्या बाजूलाही एक उतार आहे आणि मंडळी त्यावरून शतकानुशतके घसरली आहे. ‘एकच लोक’ म्हणता म्हणता ‘इस्राएल संपले, आता आपणच’ असे म्हणायला वेळ लागत नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती हेच खरे इस्राएल असल्याचे मांडले. १५४३ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी यहुद्यांविरुद्ध भयंकर लिखाण केले. आणि यहुदी लोकांना देवाने टाकलेले किंवा शापलेले म्हणून दाखवू नये, असे रोमन कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने रोम ११ च्या आधाराने म्हटले ते १९६५ साली.

म्हणून माझ्या मते या प्रश्नाची खरी परीक्षा रोमच्या ११ व्या अध्यायावर होते, आणि नेमकी तिथेच या पुस्तकाची टीप सर्वांत तोकडी पडते. २५ व्या आणि २६ व्या वचनावर तिने भविष्यकाळाचा क्रम मांडण्यात बरीच जागा घेतली आहे. ‘सर्व इस्राएल’ म्हणजे यहुदी आणि विदेशी मिळून देवाचे सगळे लोक, असे सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन यांनी घेतले होते, हेही तिने सांगितलेले नाही. आणि १७ ते २४ ही जैतुनाच्या झाडाची वचने दोन ओळींत उरकली आहेत. आमच्या गटाने त्या वचनांवर सर्वांत जास्त वेळ दिला, कारण इथे बहुतेकांनी कलमे बांधलेली आहेत. आपण जंबेरीच्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा भरतो, म्हणजे खुंट रानटी आणि डोळा जातिवंत असतो. पौल याच्या उलट सांगतो: झाड लागवडीचे, आणि त्यावर लावलेली फांदी रानजैतुनाची. रोपवाटिका चालवणारे एक दादा म्हणाले की असे कोणी करणार नाही, कारण त्यातून रानटीच फळ मिळेल. पौलालाही ते माहीत आहे. २४ व्या वचनात तो स्वतःच याला स्वभावाविरुद्ध म्हणतो. रानटी फांदीला फळ येते ते मुळाच्या रसाने, म्हणून तिने तोडलेल्या फांद्यांवर फुशारकी मारू नये, आणि देव त्या फांद्या पुन्हा त्यांच्याच झाडाला लावायला समर्थ आहे. झाड मात्र सगळीकडे एकच आहे, विदेश्यांसाठी शेजारी दुसरे लावलेले नाही.

माझा निष्कर्ष असा की अभिवचन ख्रिस्तात येऊन पोहोचते आणि जो त्याचा आहे तो, गलती ३:२९ प्रमाणे, अब्राहामाचे संतान व वारीस आहे. त्याच वेळी देवाची कृपादाने व पाचारण माघारी घेतली जात नाहीत, हे रोम ११:२९ यहुदी लोकांबद्दलच लिहिलेले आहे, आणि त्याला मोडता घालणारी कोणतीही टीप मी स्वीकारणार नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या इस्राएल राष्ट्राच्या प्रत्येक निर्णयाला उत्पत्ती १५ चा शिक्का लावणारी टीप मला म्हणूनच धोक्याची वाटते. बेथलेहेमात आजही अरबी बोलणारे ख्रिस्ती राहतात आणि गलती ३:२९ त्यांच्यासाठीही आहे. देश माझा आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरे व प्रवासी आहात, असे लेवीय २५:२३ खुद्द इस्राएलालाच सांगते.

घ्यावे की नाही, असे कोणी विचारले तर शब्दसूचीसाठी, संदर्भांसाठी आणि उत्पत्ती १५ च्या टीपेसाठी जरूर घ्यावे. गट चालवणाऱ्याने मात्र सोबत टीपा नसलेले साधे पवित्र शास्त्र ठेवावे, आणि रोमचे ९, १० व ११ हे तीन अध्याय टीपा न पाहता सलग वाचून घ्यावेत. नव्याने विश्वासात आलेल्या माणसाला एकट्याने वाचण्यासाठी मी ही आवृत्ती देणार नाही. प्रकाशकांना आम्ही पत्राने कळवले आहे की पुढच्या छपाईत टीपांचा टाइप मोठा करावा, टीपा कोणत्या परंपरेच्या आहेत ते पहिल्या पानावर छापावे, आणि उत्पत्ती १५:१८ च्या शेजारी यहोशवा २१:४५, १ राजे ४:२१ व रोम ४:१३ हे तीन संदर्भ घालावेत. त्यासाठी त्या रकान्यात जागा मोकळी आहे.