नातवंडांकडे बंगळुरूला: दिवाळीत जावं की एप्रिलमध्ये?

पुण्याहून मुलाकडे बंगळुरूला जाणाऱ्या आमच्या वयाच्या जोडप्यांना दर वर्षी हा प्रश्न पडतो. आम्ही दोन्ही करून पाहिलं. माझा कौल एप्रिलला आहे, पण दिवाळीची ओढ मला कळते.

आधी शाळेचं बघा. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी मोठी, कर्नाटकात दसऱ्याची. दिवाळीला तिथं सरकारी सुट्टी नरक चतुर्दशीला आणि बलिप्रतिपदेला, भाऊबीजेला नाही. पहिल्या खेपेला हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. भाऊबीजेला सकाळी नात दप्तर घेऊन शाळेच्या बसमध्ये बसली आणि भावाला ओवाळलं ते रात्री, जांभया देत. मुलगा-सून तर कामातच. आम्ही दिवसभर दोघंच घरात, फराळाच्या डब्यांशेजारी. उलट राज्य मंडळाच्या शाळा साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होतात, त्या मे संपता संपता उघडतात. सीबीएसईचं वेळापत्रक शाळेगणिक वेगळं, ते सुनेला आधी विचारून घ्यावं.

तरी पहाटे नातवाला उटणं लावताना त्याचं कुडकुडणं, बाल्कनीत कुंडीतल्या मातीचा केलेला किल्ला, हे एप्रिलमध्ये मिळायचं नाही. घरात नवं बाळ असेल, त्याची पहिली दिवाळी असेल, तर पुढचं काही वाचू नका, दिवाळीतच जा.

एप्रिलमध्ये मिळतो तो वेळ. माझी नात मराठी छान बोलते, पण वाचत नव्हती. एका उन्हाळ्यात रोज दुपारी अर्धा तास बाराखडी घेतली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं दुकानाची मराठी पिशवी अडखळत वाचून दाखवली. चार दिवसांच्या दिवाळीत हे झालं नसतं. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, त्यामुळे दुपारी पुण्यापेक्षा सुसह्य. वाळवणाचा बेत मात्र जपून करा: तिथं एप्रिलमध्ये वळीव येतो. आमच्या गच्चीवरच्या कुरडया दोनदा पळत खाली आणाव्या लागल्या, नातवंडांना त्यातच खरी मजा.

आता मित्रमैत्रिणींचं, जे हिशेबात धरायला आपण विसरतो. मिरजेला माझी कॉलेजातली मैत्रीण, बेळगावात ह्यांचे बँकेतले जुने सहकारी. दिवाळीत त्यांच्याही घरी मुलं-नातवंडं आलेली असतात. चकली हातात, बोलणं अर्धवट, अर्ध्या तासात उठायचं. गेल्या एप्रिलमध्ये मैत्रिणीकडे दोन रात्री राहिले. तिचे यजमान गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदाच नीट बोललो. ती रडली, मीही. माझ्यासाठी निवड तिथंच झाली.

प्रवासही त्यासाठी तोडूनच करावा. पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून धावते, मिरज आणि बेळगावला थांबते. रोज नसते, वार बघून घ्या. पुढं रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस सकाळी बंगळुरूत पोचवते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीचं तिकीट त्याच सकाळी काढावं लागतं. एप्रिलमध्येही गर्दी असते, पण परीक्षा संपायच्या आत निघालात तर खालचा बर्थ मिळायची शक्यता बरी. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. मिरजेपर्यंत एसटीनं गेलात तर ७५ वर्षांवरच्यांना तिकीट नाही, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं, बायकांना कोणत्याही वयात अर्धं.

दिवाळी अगदीच सोडवत नसेल तर मुलांना दोन-तीन दिवस पुण्याला बोलवा. आम्ही यंदा तसंच ठरवलंय. मैत्रिणीला एप्रिलचं कळवून झालंय. ती म्हणाली, या वेळी दोन नाही, चार रात्री राहायचं.