वय वंदना कार्ड : ऑपरेशनचा खर्च सुटला, पण घरी आल्यावर?

आई 78 ची, आम्ही इंदूरला सुदामानगरला राहतो. कार्ड आधीच काढून ठेवलं होतं, वापरायची वेळ आत्ता आली म्हणून लिहितेय.

29 ऑक्टोबर 2024 पासून 70 पूर्ण झालेल्या कुणालाही आयुष्मानचं हे कार्ड मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत, वर्षाला 5 लाखांपर्यंत हॉस्पिटलात भरतीचा खर्च. वय आधारवरचंच धरतात, तेव्हा जन्मतारीख चुकलेली असेल तर आधी ती नीट करून घ्या. आईचा अंगठा मशीनवर लागेचना, जन्मभर धुणी-भांडी केलेली बोटं, रेषा राहिल्यात कुठे! ओटीपी बाबांच्या जुन्या नंबरवर जायचा, तो कधीचाच बंद. शेवटी कार्ड काढून देणाऱ्या मुलाने ओळख पटवायला मोबाईलवर चेहरा घेतला, "दादी, पलक झपकाओ" म्हणे आणि आई डोळे गच्च मिटून बसे, चौथ्यांदा जमलं. मुलगा फार गोड होता, एकदाही वैतागला नाही.

फेब्रुवारीत आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. पहिल्या हॉस्पिटलने कार्ड बघूनही 40 हजार डिपॉझिट मागितलं. भरू नका! सरळ आयुष्मानच्या हेल्पलाइनला, 14555 ला, फोन लावा. आम्ही आईला दुसरीकडे नेलं, तिथे आयुष्मान मित्राने (हॉस्पिटलात या योजनेचं काम बघणारा माणूस) सगळे कागद केले, मंजुरी आली, ऑपरेशन झालं आणि खिशातून एक रुपया गेला नाही. शुगर-बीपी जुनंच आहे त्याने काही अडलं नाही. सुट्टी झाल्यावर 15 दिवसांची औषधंही त्यातच.

पण खरं आजारपण त्यानंतर सुरू होतं हो. अंथरुणातून उठवायला, पॉटवर बसवायला, कूस बदलायला दिवसभर माणूस लागतं, त्या बाईचे महिन्याला 16 हजार, डायपर वेगळे, फिजिओथेरपीवाला घरी येतो त्याचे वेगळे, आणि यातलं काहीच कार्डात नाही कारण कार्ड फक्त भरतीपुरतं आहे. वॉकर केंद्राच्या वयोश्री योजनेत (म्हाताऱ्यांना आधाराची साधनं देणारी) फुकट मिळतो पण उत्पन्न महिना 15 हजारांच्या आत हवं, बाबांची पेन्शन त्याच्या वर, म्हणून तोही विकत आणला. आमच्या कामवाल्या मावशींच्या सासूबाईंना वृद्धावस्था पेन्शन येते 600 रुपये, त्यात केंद्राचे 80 वर्षांपर्यंत 200 च! 600 रुपयांत म्हाताऱ्या माणसाला कोण सांभाळणार? सरकार 5 लाख हॉस्पिटलला देऊ शकतं तर घरी सांभाळणाऱ्या बाईच्या पगारातलं थोडं तरी का नाही, हे मला अगदी मनापासून विचारायचंय.

कार्डाला 5 पैकी 4, घरात 70 च्या वर कुणी असेल तर उद्याच काढून घ्या, पडण्याची वाट बघू नका. आई आता वॉकर धरून तुळशीपर्यंत जाते. रात्री मीच उठते, सुदामानगर-अन्नपूर्णा भागात रात्रपाळीची खात्रीची बाई कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.