रॅम, कॅशे आणि गेमिंग: काही महिने वापरून झाल्यावर

माझं मशीन साधं आहे. रायझन 5 5600जी प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दिवाळीपासून यावर व्हॅलोरंट आणि जीटीए 5 खेळतोय, आणि यूट्यूबवाले सांगतात त्यातल्या रॅम-कॅशेच्या (कॅशे म्हणजे पुन्हा लागणारा डेटा हाताशी ठेवायची जागा) बहुतेक सेटिंग्ज लावून-काढून पाहिल्या. बऱ्याचशा टाकाऊ निघाल्या.

सगळ्यात मोठा फरक पडला तो विंडोजमध्ये नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्ज) आणि रॅमच्या स्लॉटमध्ये. आपल्याकडे नाशकात असेंबल पीसी घेतला की 'पुढे वाढवता येईल' म्हणत 8 जीबी रॅमची एकच स्टिक गळ्यात मारतात. 5600जीला स्वतःची ग्राफिक्स मेमरी नाही, तो रॅममधलाच वाटा घेतो. डीडीआर4 3200ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त 25.6 जीबी डेटा देते, दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावून दोन चॅनल (डेटाचे रस्ते) झाले की 51.2. दुसरी स्टिक घातली आणि जीटीएत शहरातून गाडी पळवताना जो झटका बसायचा तो जवळपास गेलाच. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर बहुधा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट, तरी मॅन्युअल बघा.

मग एक्सएमपी, म्हणजे रॅमला खोक्यावर छापलेल्या वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग. ते बंद असेल तर खोक्यावर 3200 छापलेली रॅम बरेचदा 2400 किंवा 2666वरच निमूट चालत राहते. सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये निम्मा आकडा दिसतो, 1600 म्हणजे 3200. तेवढ्यावरून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्या मानक वेगापेक्षा जास्त पळवणं) आहे, बऱ्याच किटना 1.2ऐवजी 1.35 व्होल्ट लागतात, म्हणून रॅम तपासणारा मेमटेस्ट86 लावा. इंदिरानगरात वरच्या मजल्यावरची माझी खोली एप्रिलमध्ये दुपारी भट्टी होते, त्यामुळे थंडीत पास झालेली टेस्ट उन्हाळ्यात पुन्हा घेतली. एकही एरर नाही.

आता रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही. 'लार्जसिस्टमकॅशे' 1 करा म्हणतात. ती सोय फाइल सर्व्हरसाठी, गेमसाठी नव्हे. 'सेकंडलेव्हलडेटाकॅशे'मध्ये आकडा भरणं तर निव्वळ टाइमपास. कॅशे किती आहे हे विंडोज प्रोसेसरलाच विचारून घेतं, तो आकडा फार जुन्या प्रोसेसरसाठी होता. 5600जीचा एल3 (प्रोसेसरमधला कॅशे) 16 एमबी, 5800एक्स3डी या दुसऱ्या प्रोसेसरचा 96. तो सिलिकॉनमध्ये असतो, नोंद बदलून वाढत नाही.

रॅम क्लीनरही काढून टाकला. टास्क मॅनेजरमधलं 'कॅश्ड' बघून जीव खालीवर करू नका: ती आधी वाचलेल्या फाइल्सची जागा, गेमला लागली की विंडोज सोडून देतं. दर थोड्या वेळाने ती पुसली की त्याच फाइल्स पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात, वर आपल्यालाच वाटतं काहीतरी केलं.

शेडर कॅशे मात्र कामाचा: शेडर म्हणजे गेमचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, ते तयार करून यात साठवले जातात. सिडकोतल्या मावसभावाकडे एनव्हीडियाचं कार्ड आहे. कंट्रोल पॅनलमध्ये 'शेडर कॅशे साइझ' 10 जीबी ठेवल्यापासून तो खूश आहे. ड्रायव्हर अपडेटनंतर सुरुवातीला गेम अडखळतो, कारण शेडर नव्याने बनत असतात. तेव्हा कॅशे रिकामा करत बसलात तर तेच पुन्हा पहिल्यापासून.

पेज फाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) 'सिस्टम मॅनेज्ड'च राहू द्या. त्याच मावसभावाने 16 जीबी आहे म्हणून ती बंद केली होती. मागे क्रोम आणि डिस्कॉर्ड चालू असताना ऐन मॅचमध्ये गेम बंद पडायचा. चालू केल्यावर थांबलं. नवीन घेणार असाल तर 16ची एक नको, 8च्या दोन मागा.