फोंड्यातलं गॅरेज: बुलेटचा एअर व्हॉल्व काढला

माझी कार्ब्युरेटरवाली जुनी बुलेट. फर्मागुढीचा उतार लागला की ॲक्सिलरेटर सोडल्या सोडल्या सायलेन्सरमधून फटाके. गॅरेजवाल्या मेस्तांनी हात लावताच एअर व्हॉल्वचा पाइप मोडला. गोव्याच्या खाऱ्या हवेनं आतून खाल्ला होता. हा व्हॉल्व एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडतो, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तिथेच जळावं. पाइप फुटला की नको तेव्हा हवा शिरते आणि फटाके वाजतात.

नवीन सुटा भाग मिळेना, म्हणून व्हॉल्वच काढायचं ठरलं. इथे या माणसाचं काम बघण्यासारखं. इंजिनाच्या हेडवर उरलेल्या भोकासाठी पत्रा कानशीनं घासून अगदी मापात बसवला, खाली हवा अडवणारं नवं गॅस्केट. कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या मॅनिफोल्डवरच्या बारीक व्हॅक्यूम नळीला रबरी टोपी घालून वर क्लिप. “बाब, ही उघडी राहिली तर आयडलिंग नाचत राहतं,” म्हणाले. एअर फिल्टरच्या डब्याचं भोकसुद्धा बुजवलं. ते उघडं राहिलं तर धूळ थेट इंजिनात.

फटाके बंद. पिकअप होता तसाच आहे, कुणी वाढतो म्हणालं तर थापा. धूर चाचणीत कार्बन मोनॉक्साइड जरा वाढला, पण ३.५ टक्क्यांच्या आत. कंपनीच्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, हे मेस्तांनी आधीच सांगितलं आणि काढलेला व्हॉल्व पिशवीत घालून परत दिला. पाइप मिळाला की ते स्वतःच पुन्हा बसवून देणार.

मजुरी वाजवी. बसायला मात्र जागा नाही, आणि दुपारी एक ते चार शटर बंद.