मार्कवॉन वापरून बघितलं: लायब्ररी झकास, पण मराठी आकड्यांनी रडवलं

मावशीच्या वहीतल्या रेसिपींचं एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय, घरातल्या पंधरावीस जणांपुरतंच, प्ले स्टोअरवर वगैरे काही नाही. मजकूर मावशी स्वतः फोनवर टाइप करते, आणि त्यातली ठळक अक्षरं, यादी, मधेच एखादा तक्ता हे सगळं अ‍ॅपमध्ये नीट दिसायला पाहिजे. त्यासाठी गेले दोन महिने मार्कवॉन ही लायब्ररी वापरतोय, ती मार्कडाउन (साध्या मजकुरातच खुणा टाकून ठळक, यादी, तक्ता असं सांगायची पद्धत) अँड्रॉइडमध्ये दाखवते. कोणी मराठी मजकुरासाठी घेणार असेल तर आधी हे वाचा, माझे तीन रविवार गेलेत, तुमचे वाचतील.

सुरुवात एचटीएमएलने केली होती. अँड्रॉइडमध्ये फ्रॉमएचटीएमएल नावाचं फंक्शन आयतं मिळतं, एचटीएमएल दिलं की टेक्स्टव्ह्यूत (अँड्रॉइडचा मजकूर दाखवायचा साधा चौकोन) टाकता येईल असा स्टाइलवाला मजकूर परत देतं. नुसतं बोल्ड, हेडिंग आणि लिंक एवढंच असेल तर तेच वापरा, उगाच लायब्ररी कशाला (लिंकमूव्हमेंटमेथड लावायला मात्र विसरू नका, नाहीतर लिंक छान निळी दिसते आणि दाबली की काहीच होत नाही). पण आकड्यांची यादी दिली तरी ते आपलं बुलेटच काढतं, आणि टेबल त्याला कळतच नाही, रकाने एकमेकांना चिकटून येतात. भाजणीचं प्रमाण "ज्वारी२ वाट्याबाजरी१ वाटी" असं आलं, ह्यावरून गिरणीत काय देणार कप्पाळ. वेबव्ह्यूत सगळं नीट दिसतं ते खरंय, पण दोन ओळींच्या टीपेसाठी आख्खं ब्राउझर इंजिन बसवायचं, तेही लिस्टमधल्या प्रत्येक कार्डात, म्हणजे जुना फोन धापा टाकायला लागतो.

मार्कवॉनचं काम सुटसुटीत आहे. आतमध्ये कॉमनमार्क-जावा हा पार्सर आहे, तो मार्कडाउन फोडतो, आणि मार्कवॉन त्याचे अँड्रॉइडचे नेहमीचे स्पॅन (मजकुराच्या तुकड्याला चिकटवलेली स्टाइल) करून साध्या टेक्स्टव्ह्यूला देतं, वेबव्ह्यूचा संबंधच नाही. दोन ओळींत चालू होतं. टेबल, इमेज, एचटीएमएल हे सगळे वेगवेगळे प्लगइन, लागेल तेवढंच घ्यायचं. भाजणीचा तक्ता पहिल्याच फटक्यात रेघांसकट आला, मी खूश. फक्त सगळे रकाने सारख्या रुंदीचे असतात, त्यामुळे "१ वाटी"ला ऐसपैस जागा आणि शेजारी टीपेचं वाक्य बिचारं शिडीवरून उतरल्यासारखं खाली खाली जातं. मी टिपा तक्त्याबाहेरच काढल्या.

आता रडगाणं. मावशीने थालीपिठाची कृती अशी टाइप केली होती:

१. कांदा बारीक चिरून घ्या
२. भाजणीत तिखट, हळद, ओवा, मीठ घाला
३. कोमट पाण्याने मळा

आणि अ‍ॅपमध्ये हे सगळं एकाच परिच्छेदात सलग. लगेच फोन, "अरे माझ्या थालीपिठाचं पिठलं केलंस की तू!" मला वाटलं लायब्ररीत बग असणार, इश्यू लिहायलाही घेतला, मग कॉमनमार्कचे, म्हणजे मार्कडाउनच्या ज्या प्रमाणावर तो पार्सर चालतो त्याचे, नियम उघडून वाचले तेव्हा कळलं की यादीचा आकडा म्हणजे इंग्रजीच आकडा, मराठी १ त्याच्या लेखी कखग सारखंच एक अक्षर. यादी नाही म्हटल्यावर तो झाला साधा परिच्छेद, आणि परिच्छेदातला एक एंटर म्हणजे नुसती स्पेस. मार्कडाउन २००४ पासून असंच आहे, लायब्ररीची काही चूक नाही.

सॉफ्टब्रेकअ‍ॅड्सन्यूलाइन म्हणून एक प्लगइन आहे, तो लावला की एंटरला एंटर मिळतो, कविता किंवा अभंग दाखवायचे असतील तर तो हवाच. पण यादी तरीही यादी होत नाही, लांब पायरीची दुसरी ओळ थेट आकड्याखाली येते. मग मी स्वतःचा प्लगइन लिहिला. प्रोसेसमार्कडाउन नावाची मेथड असते, मजकूर पार्सरकडे जायच्या आधी तिथे हातात येतो, ओळीच्या सुरुवातीचा मराठी आकडा तिथेच इंग्रजी केला. यादी झक्कास आली. आणि मावशी, "इंग्रजी आकडे कशाला रे घातलेस?" घ्या! म्हणजे परत उलट दिशेने. पण इथेच ही लायब्ररी मला आवडली, कारण यादीचा आकडा काढणारा स्पॅन आकडा स्ट्रिंग म्हणून घेतो, स्पॅनफॅक्टरी बदलून त्याला परत "१." दिलं की झालं. सगळा प्लगइन मिळून तीसेक ओळी.

दुसरी गोची आपल्या प्रत्ययांची. _तव्या_वर असं लिहिलं तर अंडरस्कोर तसेच्या तसे दिसतात, कारण शब्दाच्या मधला अंडरस्कोर मार्कडाउन मानत नाही आणि आपला "वर" तर शब्दाला चिकटलेलाच असणार. चांदण्या (*) वापरल्या की चालतं, **तव्या**वर लिहिलं की "तव्या" बरोबर ठळक येतं. इटॅलिकच्या नादी तसंही लागू नका, देवनागरी फॉन्टला सहसा खरा इटॅलिक नसतो, सिस्टिम अक्षरं नुसती तिरकी ढकलते आणि ते वाऱ्यात उभं राहिल्यासारखं दिसतं.

आणखी एक, परिच्छेदाच्या सुरुवातीला चार स्पेस देऊन जागा सोडायची सवय असेल तर तो आख्खा परिच्छेद कोड समजला जातो आणि मागे करडा पट्टा येतो. मावशीला शाळेपासूनची सवय, तिला काय सांगणार, त्या स्पेस पण मीच प्लगइनमध्ये उडवतो.

पाचपैकी चार देईन. एक कापला कारण शेवटची व्हर्जन ४.६.२, ती २०२१ ची, त्यानंतर नवीन काही नाही. चालतंय व्यवस्थित, पण आख्खं अ‍ॅप कंपोजमध्ये (अँड्रॉइडची स्क्रीन बनवायची नवी पद्धत) असेल तर हे अँड्रॉइडव्ह्यूत गुंडाळून घ्यावं लागतं, आणि साध्या मजकुरासाठी कंपोज १.७ पासून एचटीएमएलवरून अ‍ॅनोटेटेडस्ट्रिंग (म्हणजे कंपोजचा स्टाइलवाला मजकूर) करायची सोय आहेच, ती आधी बघा. माझं जुन्या पद्धतीचं आहे त्यामुळे मला काही फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र प्लगइनने सुटली नाही. मावशी लिहिते **“लोखंडी तव्या”**वरच, आणि चांदण्या उघड्या पडतात, कारण बंद होणाऱ्या चांदण्यांच्या आधी अवतरणचिन्ह आणि लगेच पुढे अक्षर असेल तर पार्सर ते बंद झालं असं धरत नाही. चांदण्या अवतरणाच्या आत घे, “**लोखंडी तव्या**”वरच असं लिही, म्हणून तिला तीनदा सांगितलंय. परवा म्हणाली, "बरं बाबा, अवतरणच देत नाही."