दुकानाचं ॲप, १४ महिने वापरून: हात कुठं सैल सोडला, कुठं आखडता घेतला

आधी थोडक्यात. आम्ही कराडजवळ कांदा-लसूण मसाला करतो. आम्ही म्हणजे मी, जाऊबाई आणि आत्या (माझ्या सासूबाई). आत्यांची घरगुती विक्री वीसेक वर्षांची. गेल्या वर्षी मार्चमध्ये, मिरच्या वाळायला घातल्या तेव्हाच, घरबसल्या ऑनलाइन दुकान उघडून देणारं एक ॲप घेतलं. वर्गणी वर्षाला ६,००० रुपये. नाव देत नाही, कारण अशी चार-पाच ॲपं आहेत आणि मी जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं सगळ्यांना लागू पडेल. पाचपैकी साडेतीन तारे.

ॲप चालायला सोपं आहे. पत्त्याचा पिनकोड टाकला की कुरिअरचा दर येतो, चिकटवायची चिठ्ठी छापून मिळते, पार्सल कुठवर पोचलं ते गिऱ्हाइकाला आपोआप कळतं. मराठी मात्र दिव्य. सामान निवडायच्या बटणावर ‘गाडीत टाका’ असं लिहिलं होतं. पिंपरीच्या एका ताईंनी फोन करून विचारलं, ‘कुठल्या गाडीत हो?’ ते बदलायला अकरा दिवस आणि सात ईमेल लागले.

खरा मुद्दा वेगळाच आहे. या ॲपमध्ये ‘गिऱ्हाइकाला खूश करा’ अशा नावाचं एक पान आहे. त्यावर बटणं आहेत: मोफत डिलिव्हरी, कॅश ऑन डिलिव्हरी, पैसे परत, पहिल्या खरेदीवर सूट, ‘फक्त ३ शिल्लक’ची पट्टी. मी पहिल्याच दिवशी शेवटचं सोडून सगळी चालू केली. आमच्या घरात मापाला हात सैलच. आत्या सांगायच्या, ‘काट्याची सुई मधोमध राहिली तर गिऱ्हाईक परत येत न्हाई बघ.’ किलोवर मूठभर वर पडायचंच. मला वाटलं, ही बटणं म्हणजे तीच मूठ.

पहिल्या तीन महिन्यांत ३१० पाकिटांच्या ऑर्डरी आल्या. ॲपवर हिरव्या ठळक अक्षरांत आकडा: विक्री १,११,६०० रुपये. आम्ही पेढे वाटले. आणि जूनच्या शेवटी बँकेत बघते तर पुढच्या हंगामाच्या मिरचीलासुद्धा पैसे नाहीत.

जाऊबाई बारावीला कॉमर्सच्या. त्यांनी शंभर पानी वही काढली आणि एका पाकिटाचं गणित मांडलं. अर्धा किलोचं पाकीट ३६० ला. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण, तेल, कांडप आणि आमची मजुरी धरून २२५. पाकीट आणि खोका १८. उरले ११७. कुरिअर १८ टक्के जीएसटीसकट १०४. म्हणजे १३ रुपये हातात. आगाऊ पैसे भरले असतील तर गेटवे (ऑनलाइन पैसे जमा करून देणारा मधला) २ टक्के आणि त्यावर जीएसटी कापतो, साडेआठ रुपये गेले, साडेचार राहिले. आणि कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर त्याचं शुल्क ४७. म्हणजे घरातून ३४ रुपये घालून आम्ही मसाला पोचवत होतो.

बरं, हे पोचलेल्या पाकिटांचं. ३१० पैकी १९० कॅश ऑन डिलिव्हरीची होती आणि त्यातली ४१ परत आली. ‘घरी कोणी नाही’, ‘मागवलंच नव्हतं’, ‘आता नको’. या धंद्यात त्याला आरटीओ म्हणतात. मला पहिल्यांदा मेसेज आला तेव्हा वाटलं मालकांनी सिग्नल तोडला. आरटीओ झालं की जायचे १०४ आणि यायचे १०४, आणि तीन आठवडे गोदामात लोळून आलेलं पाकीट दुसऱ्या कोणाला देववत नाही. ती ४१ पाकिटं पाहुण्यांत आणि घरात संपवली. आकडा सांगते: कुरिअरलाच साडेआठ हजार गेले. आणि ॲपच्या त्या हिरव्या १,११,६०० मध्ये ही परत आलेली पाकिटंही मोजलेली होती! नफ्याचा रकानाच नाही या ॲपमध्ये. अर्धा तारा मी इथंच कापला आहे.

तर वहीत दिसलं ते असं की आमची मूठ गिऱ्हाइकाच्या डब्यात पडतच नव्हती. ती कुरिअरच्या टेम्पोत सांडत होती. मग आम्ही एकेक बटण घेऊन बसलो.

वजन. कोणी मसाला, पापड, लोणचं पाठवणार असेल तर हे दोनदा वाचा. कुरिअरचे दर अर्ध्या किलोच्या टप्प्यानं चढतात. अर्धा किलो मसाला, त्यावर पाकीट आणि खोका म्हणजे ५९० ग्रॅम, म्हणजे सरळ एक किलोचा दर. नव्वद ग्रॅमसाठी आम्ही ६१ ऐवजी १०४ मोजत होतो. म्हणून पाकीट ४०० ग्रॅमचं केलं, किलोचा भाव तोच ठेवून २९० ला. मसाला ४००, पिशवी १५, खोका ४५, झाले ४६० ग्रॅम. वर ३० ग्रॅमची जागा राहते, त्यात आत्यांची मूठ बसते. छापील वजन ४००, आत ४३०.

नुसतं वजन कमी असूनही भागत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० नं भागायचं. ते येईल ते किलो, आणि दोन्हीतलं जास्त असेल त्याचे पैसे. आम्ही वापरत होतो तो मिठाईवाल्याकडचा २० बाय १५ बाय १० चा खोका ६०० ग्रॅमचा ठरत होता, आत कापूस भरून पाठवला तरी. आता २० बाय १२ बाय १० चा घेतो, ४८० ग्रॅम. आणि प्रत्येक पार्सलचा काट्यावर ठेवलेला फोटो काढून ठेवा. कुरिअरवाले नंतर ‘वजनात फरक’ म्हणून परस्पर पैसे कापतात, मुदतीत फोटो चढवला तरच परत मिळतात.

पाकीट बारीक केल्यावर बोलणी खाल्ली. ‘तुम्ही पण मोठ्या कंपन्यांसारखं सुरू केलं का?’ असं एका जुन्या गिऱ्हाइकानं सुनावलं. किलोचा भाव तोच आहे हे पाकिटावर छापलं, तेव्हा कुठं आवाज कमी झाला.

मोफत डिलिव्हरी. बंद केली. एका पाकिटाला ६० रुपये घेतो. सगळे म्हणतात की दोन घेतल्यावर मोफत करा. वहीत मांडून बघितलं तर एक पाकीट विकून ८५ रुपये सुटतात आणि दोन मोफत पोचवून ७०. म्हणजे दुप्पट काम करून कमी पैसे. आम्ही चार पाकिटांवर मोफत ठेवली. तिथं खर्च जाऊन दोनशेच्या आसपास राहतात. याचा न ठरवलेला फायदा असा झाला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये शेजारणी मिळून चार मागवायला लागल्या. एक जण मागवते, चार घरी जातं. पुढच्या वेळी त्याच चारांपैकी दुसरी मागवते.

कॅश ऑन डिलिव्हरी. पूर्ण बंद करायला माझा जीव झाला नाही. आमची बरीच गिऱ्हाइकं साठीच्या पुढची, त्यांना अनोळखी दुकानात आधी पैसे भरायला भीती वाटते आणि ती खोटी नाही. आता ५० रुपये आधी यूपीआयनं घेतो, बाकीचे दारात. आणि नवा नंबर असेल तर मी स्वतः फोन करते. ‘वहिनी, तिखट कितपत चालतं तुमच्याकडं?’ एवढंच विचारायचं. ज्यांनी गंमत म्हणून ऑर्डर टाकलेली असते ते फोनच उचलत नाहीत. मागच्या तीन महिन्यांत आरटीओ फक्त ४. कॅशवाली बरीचशी गिऱ्हाइकं हळूहळू यूपीआयवर आली. थेट क्यूआरवर पैसे आले तर आम्हाला काही कापलं जात नाही. जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून यूपीआयवर एमडीआर, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, घेत नाहीत. फक्त पैसे आले हे बँकेच्या खात्यातच बघायचं, गिऱ्हाइकानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नाही. हे ज्ञान आम्हाला ८७० रुपयांना पडलं.

पैसे परत. या बटणाची मला सर्वांत जास्त भीती होती. आमचा नियम: आवडलं नाही तर पूर्ण पैसे परत, पाकीट परत पाठवायचं नाही. परत मागवून करणार काय? उघडलेला मसाला कोणाला विकणार? बोस्टनला असलेला भाचा म्हणाला, ‘मामी, लोक लुटतील.’ तिकडं मेन राज्यात एल. एल. बीन नावाचं कपडे-बुटांचं जुनं दुकान आहे, ते आयुष्यभर माल परत घ्यायचं. लोक दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या वस्तूसुद्धा आणून द्यायला लागले तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी एक वर्षाची मुदत घातली. भाच्याचं ऐकून आम्ही ३० दिवस आणि एका घराला एकदाच, एवढी वेस घातली.

१४ महिन्यांत सुमारे १,९०० पार्सलं गेली. पैसे परत मागणारे किती? २३. सात हजारांच्या आसपास गेले, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांच्या आरटीओपेक्षा कमी. त्यातले दोघं-तिघं आगाऊ असतील, असोत.

पण त्या २३ जणांनी जे सांगितलं ते पैसे देऊनही मिळालं नसतं. नऊ जणांची तक्रार एकच: ‘आम्ही चटणी मागवली, तुम्ही कोरडी पावडर पाठवली.’ आमच्याकडं या मसाल्यालाच चटणी म्हणतात. कराड-कोल्हापूर-सांगलीत कोणाला सांगावं लागत नाही. मुंबईच्या माणसाला चटणी म्हणजे वाटीतली, इडलीबरोबरची. चूक आमची. नाव बदलून ‘कांदा-लसूण मसाला’ केलं, खाली बारीक अक्षरांत ‘आमच्याकडची चटणी’. त्यानंतर त्या कारणानं एकही परत नाही. आणखी पाच जणांना तिखट झेपलं नाही, म्हणून ब्याडगी जास्त असलेला एक कमी तिखट प्रकार सुरू केला; आज जवळपास तिसरा हिस्सा विक्री त्याची आहे. चौघांचं पाकीट तेलकट झालेलं, तेव्हा पिशवी जाड घेतली.

पहिल्या खरेदीवर २० टक्के सूट. सर्वांत वाईट बटण. पिंपरीच्या त्याच ताई, गाडीवाल्या, आत्यांकडून कितीतरी वर्षं मसाला नेतात. त्यांनी विचारलं, ‘नवीन माणसाला कमी आणि मला पूर्ण भाव, हे कुठल्या हिशेबानं?’ मला उत्तर देता आलं नाही. शिवाय लोक दर वेळी नवा नंबर टाकून नवे होत होते. बंद. आता तिसऱ्या ऑर्डरपासून पार्सलमध्ये शेंगदाण्याच्या चटणीची लहान पुडी जाते. आधी सांगत नाही. सांगितली की ती हक्काची होते आणि मग ‘या वेळी पुडी नव्हती’ असा फोन येतो. वजनाचा टप्पा ओलांडतो म्हणून एका पाकिटाच्या पार्सलात त्या वेळी मूठ नाही, पुडी. आत्यांना हे अजून मान्य नाही.

‘फक्त ३ शिल्लक’. ही पट्टी खरा साठा न बघता चालते, डब्यात ६० पाकिटं असली तरी तीनच दाखवते. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं अशा फसव्या युक्त्यांची यादी काढली, १३ प्रकारांची, त्यात खोटी घाई करायला लावणं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी ॲपमध्ये बटण आहे. आमचा मसाला उन्हाळ्यातच होतो, पावसाळा लागला की कांडप बंद, त्यामुळे दिवाळीनंतर तो खरोखरच संपत येतो. तेव्हा मी हातानं लिहिते, ‘यंदाची ८० पाकिटं राहिली.’ लोकांना ते पटतं, कारण इतर वेळी ओरडत नाही.

जीएसटीचं एक सांगून ठेवते. ॲपवर संपूर्ण भारतात विक्रीचं बटण आहे आणि ते दाबताना कोणी काही विचारत नाही. पण माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नंबर लागतो. मडगावच्या एका गिऱ्हाइकाला मी सहा महिने नाही म्हणत होते, तिला वाटलं मी टाळते. शेवटी नवव्या महिन्यात नंबर घेतला. मसाल्यावर ५ टक्के, त्यामुळे पाकीट ३०० झालं. खाद्यपदार्थाची एफएसएसएआय नोंदणी आधीच होती. आम्ही केली तेव्हा १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला १०० रुपये होते. ती नसताना पाकीट विकू नका, तो १४ आकडी नंबर छापावाच लागतो.

आता वर्गणी. दुसऱ्या वर्षाची मी भरली आहे. चिठ्ठी छापणं आणि पिनकोडचा दर एवढ्यासाठी ६,००० वाजवी वाटतात. दिवसाला चार-पाच पार्सलं नसतील तर घेऊ नका, व्हॉट्सॲपवर यादी आणि पोस्टात एक खेप एवढ्यावर भागतं. घेतलंत तर ‘गिऱ्हाइकाला खूश करा’च्या पानावरचं पहिले तीन महिने बाकी काही दाबू नका, फक्त पैसे परत एवढं चालू ठेवा.

यंदाचं कांडप गेल्या आठवड्यात झालं. पाकिटं भरायला आत्याच बसतात. काटा ४३० वर आला की मी ‘आत्या, पुरे’ म्हणते, त्या माझ्याकडं न बघता आणखी चिमूट टाकतात. ४४० पर्यंत खोका सांभाळतो. ते मी त्यांना सांगितलेलं नाही.