जुन्या साडीचं कुशन कव्हर: इरकल कापायची, नऊवारी की पैठणी?

आजीच्या ट्रंकेतून इरकल, सुती नऊवारी आणि जुनी पैठणी अशा तिन्ही निघाल्या असतील आणि कात्री कशाला लावायची यावर घरात चर्चा चालू असेल तर माझं मत आधीच सांगते, रोज वापरातल्या सोफ्यासाठी इरकल घ्या.

इरकलचं अंग सुती आणि घट्ट विणीचं, त्यामुळे मुंबईच्या दमट हवेत पाठ टेकली तरी चिकटत नाही, आणि पावसाळ्यात कुबट वास आला तर घरी धुता येतं. बारीक चौकड्यांचं अंग मधे आणि रुंद काठ एका बाजूला घेतला की वेगळी सजावट लागतच नाही. फक्त पदराचा लाल रंग आधी तपासा, ओलं पांढरं फडकं घासून बघायचं, रंग लागला तर तो तुकडा फिकट कापडाला जोडू नका.

सुती नऊवारीत कापड भरपूर, जवळजवळ सव्वाआठ मीटर, १६ इंची कव्हरला माया (शिवणीसाठीचं जादा कापड) धरून १७ इंचाचा चौकोन लागतो आणि काठ सोडूनही रुंदीत असे दोन सहज बसतात. पण कासोट्याचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो. खिडकीच्या उजेडात धरा, दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणा, चर्र आवाज आला तर तो भाग सोडून द्या. बाकीच्याला आतून मलमलचं अस्तर लावलंत तर ते इतकं मऊ होतं की लहान मुलांच्या खोलीसाठी मी इरकलऐवजी हेच घेईन.

पैठणीचं मात्र थांबून ठरवा. चांगल्या अवस्थेतली असेल तर प्लीज कापू नका, पदरावरचे मोर हातमागावर एकेक धागा गुंतवून विणलेले असतात, तेवढी मेहनत चार उशांसाठी तोडवत नाही. घडीवर रेशीम चिरलं असेल तर गोष्ट वेगळी, मग पदर आणि काठ वाचवा, मागून मांजरपाटाचं जाडसर सुती कापड लावून एखादंच कव्हर करा आणि ते दिवाणावर शोभेला ठेवा, कारण जरीची तार गालाला टोचते, खऱ्या चांदीची असेल तर इथल्या हवेत काळी पडते, आणि घरी धुवायचा तर विचारच नको. कापायच्या आधी घरातल्या मोठ्यांना नक्की विचारा, कुठली साडी कुणाच्या लग्नातली ते आपल्याला माहीत नसतं.

खणाचे तुकडे असतील तर तेही वाया घालवू नका, तुकडा लहान असेल तर अख्खं कव्हर होत नाही पण मधली पट्टी छान दिसते, दोरे फार सुटतात तेव्हा कडा मशीनवर इंटरलॉक करूनच घ्या.

शिवताना तिन्हीला एकच नियम, जुन्या कापडाला चेन लावू नका, ओढून ओढून तिथेच फाटतं. मागची बाजू नव्या सुती कापडाची करा, साधारण १२ इंच रुंदीचे दोन तुकडे एकमेकांवर चढवून, कुशन आपोआप आत राहतं. हे कापड आणि अस्तर मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये, कापडबाजारात, मिळून जातं. सुई बारीक, ११ नंबरची, आणि कुशन गच्च भरू नका, शिवणीवर ताण येतो. टेलरकडे देणार असाल तर कुठला भाग पुढे हवा तिथे खडूने खूण करून द्या, नाहीतर काठ मागच्या बाजूला जातो.